डाळ बंद करायच्या आधी पाकीट उलटं करा: किडनीच्या पेशंटच्या घरात फॉस्फेट कसं शोधायचं

घरात कुणाची किडनी कमजोर असेल किंवा डायलिसिस चालू असेल आणि रिपोर्टमधे फॉस्फरस वाढलेला आला, की पहिली कुऱ्हाड पडते डाळीवर. मग दूध बंद, मग मटकी बंद, शेंगदाण्याचा कूट बंद, आणि बघता बघता ताटात नुसता भात आणि दुधीची भाजी उरते. त्याच घरात नातवाबरोबर चीज सँडविच होत असतं, तोंडाला चव नाही म्हणून संध्याकाळी इन्स्टंट नूडल्स होतात, अशक्तपणा आलाय म्हणून माल्टची पावडर दुधात जाते, आणि यातल्या कशाचाच फॉस्फरसशी संबंध आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. माझ्या आत्याचं डायलिसिस इथे नाशिकमधेच चालू आहे, तिचा किराणा मी भरते, आणि सेंटरच्या बाहेर बसलेल्या बाकीच्या नातेवाईकांशी बोलताना हेच चित्र घरोघरी दिसतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम बदला. आधी पाकिटातलं फॉस्फेट, म्हणजे कंपनीने पदार्थात वरून मिसळलेला फॉस्फरस, घराबाहेर काढा, ते झालं की मगच डाळ-दुधाला हात लावा, आणि तोही डॉक्टर-डाएटिशियनला विचारून.

आता का ते सांगते. फॉस्फरस वाईट नाही, शरीरातला ८५ टक्के फॉस्फरस तर हाडं आणि दातांतच असतो. जास्तीचा झाला की किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की तो रक्तात साठायला लागतो, मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन वाढतं, हाडांतलं कॅल्शियम निघायला लागतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर चुना बसल्यासारखं कॅल्शियम बसतं. पेशंटला बाहेरून दिसतं ते फार तर अंगाला खाज सुटणं, हाडं दुखणं, बऱ्याचदा तेही नाही. रक्तात साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे नॉर्मल धरतात. आणि डायलिसिसवर सगळा भार टाकता येत नाही, कारण चार तासांच्या एका सेशनमधे साधारण ६०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरसच निघतो, तेही आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, आणि खाणं मात्र रोजचं आहे.

पण सगळा फॉस्फरस सारखा अंगात शिरत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. डाळी, कडधान्यं, ज्वारी-बाजरी यांतला फॉस्फरस बहुतेक करून फायटेट नावाच्या रूपात बांधलेला असतो, आणि तो सोडवायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळपास नसतंच, त्यामुळे त्यातला निम्म्याहून कमीच रक्तात जातो. दूध, अंडी, मटण-चिकन यांतला साधारण ४० ते ६० टक्के जातो. आणि कंपनीने पावडर म्हणून मिसळलेलं फॉस्फेट हे साधं मीठ असतं (खायचं मीठ नव्हे, क्षार या अर्थाने), ते कशाला बांधलेलं नसतं, पाण्यात विरघळतं आणि ९० टक्क्यांच्या वर शोषलं जातं. म्हणजे कागदावर डाळीचा आकडा मोठा दिसला तरी रक्तात जाणारा हिशोब वेगळाच असतो, शिवाय डाळीबरोबर प्रोटीन मिळतं आणि चीज स्लाइसमधल्या इमल्सिफायिंग सॉल्टबरोबर (चीज एकजीव ठेवायला घातलेल्या फॉस्फेटबरोबर) काय मिळतं, तर सोडियम.

आणि प्रोटीन ही साधी गोष्ट नाही हो. डायलिसिसवरच्या माणसाला दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. डाळ, दही, अंडं सगळं काढून घेतलं तर ते येणार कुठून? फॉस्फरस खाली आणायच्या नादात पेशंट वाळून जातो, हे फार वाईट आहे आणि टाळता येण्यासारखं आहे. (डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच्या स्टेजला उलट प्रोटीन कमी ठेवायला सांगतात, त्यामुळे आपला पेशंट कुठल्या स्टेजला आहे हे आधी विचारून घ्या.)

नुसतं पाकीट वाचून काय होणार असं वाटत असेल तर ऐका, हे करून बघितलेलं आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात १४ डायलिसिस सेंटरमधल्या २७९ पेशंटवर एक अभ्यास झाला, २००९ मधे तो छापून आला. अर्ध्या लोकांना फक्त फॉस्फेट ॲडिटिव्ह असलेले पदार्थ कसे ओळखायचे आणि टाळायचे एवढंच शिकवलं, बाकीच्यांचं आहे तसं चालू ठेवलं. ३ महिन्यांनी शिकवलेल्या लोकांचा फॉस्फरस सरासरी १.० मिलिग्रॅमने उतरला, दुसऱ्यांचा ०.४ ने. कुठलं नवीन औषध नाही, नुसतं लेबल वाचणं.

पाकीट वाचायचं कसं

पहिली गोष्ट, न्यूट्रिशनचा तक्ता बघण्यात वेळ घालवू नका. कॅलरी, प्रोटीन, साखर, सोडियम हे तिथे असतं, फॉस्फरस लिहायची सक्ती आपल्याकडे नाही. आपल्याला हवी ती इनग्रेडियंट्सची बारीक अक्षरातली ओळ. एफएसएसएआयच्या (आपल्याकडच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या) नियमाप्रमाणे त्या ओळीत ॲडिटिव्हचा, म्हणजे वरून घातलेल्या पदार्थाचा, प्रकार आणि त्याचं नाव किंवा आयएनएस नंबर (ॲडिटिव्हचा ठरलेला आंतरराष्ट्रीय आकडा) द्यावाच लागतो, त्यामुळे तो तिथे असतोच, फक्त शोधावा लागतो.

आकडे हे लक्षात ठेवा: ३३८ ते ३४३, ४५० ते ४५२, आणि ५४१. मुख्य हेच. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक ॲसिड, ३३९ सोडियम फॉस्फेट, ३४० पोटॅशियम फॉस्फेट, ३४१ कॅल्शियम फॉस्फेट, ४५० डायफॉस्फेट, ४५१ ट्रायफॉस्फेट, ४५२ पॉलीफॉस्फेट, ५४१ सोडियम ॲल्युमिनियम फॉस्फेट. नावं पाठ करायची काही गरज नाही, आकडे मोबाइलमधे नोट करून ठेवा किंवा चिठ्ठीवर लिहून पर्समधे टाका. पाकिटावर ते इंग्रजी आकड्यांत असतात, पुढे कंसात छोटा रोमन आकडा असतो, तो सोडून द्या. काही इम्पोर्टेड मालावर आकड्याच्या आधी 'ई' अक्षर असतं, बाकी आकडा तोच. आणि नंबरऐवजी नाव लिहिलं असेल तर पी-एच-ओ-एस ही चार इंग्रजी अक्षरं लागोपाठ कुठे दिसतात का एवढं बघायचं. ज्या आजी-आजोबांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना ही चार अक्षरं चित्रासारखी ओळखता येतात, आत्याने तशीच ओळखायला घेतली आणि आता ती माझ्या आधी बोट ठेवते.

दुकानात अक्षर दिसत नाही ही सगळ्यांचीच तक्रार आहे, त्याला उपाय म्हणजे मोबाइलने मागच्या बाजूचा फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. किराणा दुकानात काउंटरच्या पलीकडे माल असतो तिथे सरळ सांगायचं, काका जरा पाकीट मागून बघू द्या, कोणी नाही म्हणत नाही. ऑनलाइन मागवत असाल तर मागच्या बाजूचा फोटो असेल तरच मागवा.

एक उदाहरण घेऊन दाखवते. फ्रीजरमधलं फ्रेंच फ्राइजचं पाकीट घ्या. समोर बटाट्याचं चित्र, हिरवा ठिपका, आणि 'नो ॲडेड प्रिझर्व्हेटिव्ह' असं ठळक. मागे वळवा. पोटॅटो, व्हेजिटेबल ऑइल, डेक्स्ट्रोज, आणि शेवटी बऱ्याच पाकिटांवर येतं स्टॅबिलायझर किंवा ॲसिडिटी रेग्युलेटर, पुढे ४५०. बटाटा कापून उकडला की त्यातल्या लोहामुळे तो काळपट पडतो, ४५० त्या लोहाला धरून ठेवतं आणि काप पांढरे राहतात, म्हणून ते घातलेलं असतं. आता समोरची 'नो प्रिझर्व्हेटिव्ह'ची ओळ खोटी आहे का? नाही. फॉस्फेट हे प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून लिहिलं जातच नाही, ते येतं स्टॅबिलायझर, ॲसिडिटी रेग्युलेटर, इमल्सिफायर, रेझिंग एजंट, ह्युमेक्टंट, अँटीकेकिंग एजंट अशा नावांनी. म्हणून समोरच्या बाजूवर जे काही लिहिलंय, नॅचरल, हेल्दी, मल्टिग्रेन, ते आपल्या कामाचं नाही, कायम मागची बाजू.

अजून दोन बारकावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात त्यामुळे ॲडिटिव्ह बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी असतं, सुरुवातीचे चार शब्द वाचून पाकीट परत ठेवू नका. आणि नूडल्ससारख्या पदार्थात दोन याद्या असतात, एक नूडल्सची आणि एक मसाल्याच्या पुडीची, दोन्ही वाचायच्या. किती घातलंय हे मात्र पाकिटावर कळत नाही, त्यामुळे मिलिग्रॅमचा हिशोब करत बसू नका, आहे की नाही एवढाच निकाल लावायचा आणि तेवढा पुरतो.

बाकी सगळ्याच नंबरांना घाबरायचं नाही हेही सांगायला हवं, कारण मग लोक वैतागतात आणि वाचणंच सोडून देतात. ५०० आणि ५०१ कार्बोनेट-सोड्याचे प्रकार, ५०३ अमोनियम कार्बोनेट, ३३० सायट्रिक ॲसिड, ३३१ सोडियम सायट्रेट, ४१२ ग्वार गम, ४१५ झँथन गम, ४७१, ५५१, ६२१, यांत फॉस्फेट नाही. ३२२ लेसिथिनमधे थोडा असतो पण प्रमाण किरकोळ, त्याच्या मागे लागू नका. बिस्किटाच्या रॅकवर याचा चांगला उपयोग होतो, दोन पुडे शेजारी ठेवा, एकावर रेझिंग एजंट ५०० आणि ५०३ एवढंच असतं, दुसऱ्यावर त्याच्या जोडीला ४५० किंवा ३४१ पण असतं. किंमत तीच, चव जवळपास तीच, पहिला घ्यायचा. काही सोडायला न लावता फॉस्फेट कमी झालं.

कशात हमखास सापडतं

सगळ्यात वर मी प्रोसेस्ड चीज ठेवेन, स्लाइस, क्यूब, स्प्रेड सगळंच. साधं चीज तापवलं की तेल सुटतं आणि प्रोटीनचा गोळा होतो. फॉस्फेट आणि सायट्रेटची मीठं त्या प्रोटीनमधलं कॅल्शियम ओढून घेतात, मग प्रोटीन मोकळं होऊन तेलाला धरून ठेवतं आणि ते गुळगुळीत, एकसारखं वितळणारं चीज तयार होतं. म्हणजे इथे फॉस्फेट चिमूटभर नाही, त्याच्यावरच तो पदार्थ उभा आहे, आणि दुधाचा स्वतःचा फॉस्फरस वेगळा. सँडविचसाठी मी चक्का वापरते, दही फडक्यात बांधून पाणी निथळू द्यायचं, त्यात मिरपूड, थोडं जिरं, किसलेली काकडी पिळून. दह्यातलाही फॉस्फरस आहेच, म्हणून दोन चमचेच लावायचा, पण वरून घातलेलं काही नाही.

नंतर प्रोसेस्ड मांस. नगेट्स, सॉसेज, सलामी, फ्रोजन कबाब, यांत ४५१ आणि ४५२ मांसात पाणी धरून ठेवायला घालतात, त्याने पीस रसरशीत लागतो आणि वजनही टिकतं. चिकन खायचं असेल तर दुकानातून समोर कापून घेतलेलं ताजं घ्या, आपल्याकडे ते प्रत्येक एरियात मिळतं, सिडको असो की नाशिक रोड. कोळंबीचं जरा अवघड आहे. फ्रोजन, सोललेली कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात बुडवलेली असू शकते आणि सुटी विकली की लेबलच नाही, तव्यावर टाकल्यावर भसाभसा पाणी सुटून आकार निम्मा झाला तर संशय घ्या. सालासकट ताजी मिळाली तर घ्या, नाहीतर पेशंटसाठी सोडून द्या.

कोला. काळ्या रंगाच्या कोल्ड्रिंकमधे आंबटपणासाठी ३३८ असतं. एका ग्लासात आकडा चीजइतका मोठा नसतो पण जवळजवळ सगळा शोषला जातो आणि उन्हाळ्यात लोक एका ग्लासावर थांबत नाहीत. लिंबाच्या चवीच्या, पांढऱ्या सोड्यात बहुतेक ३३० असतं, तरी वाचून घ्या. घरचं लिंबू सरबत सगळ्यात बरं, फक्त डायलिसिसच्या पेशंटचं पाणी मोजून असतं तर हा ग्लास त्यातच धरायचा.

इन्स्टंट नूडल्स, कॉफीत घालायचं क्रीमर, व्हेंडिंग मशीनच्या चहा-कॉफीची पावडर, सरबताची सुटसुटीत राहणारी पावडर (त्यात ३४१ गुठळ्या होऊ नयेत म्हणून), केक मिक्स, पॅनकेक मिक्स, काही गुलाबजाम मिक्स आणि इडली-ढोकळ्याचे इन्स्टंट मिक्स, ही पुढची रांग. माल्टच्या पावडरी आणि 'ताकदीच्या' ड्रिंक्समधे कॅल्शियम वाढवायला कॅल्शियम फॉस्फेटच घातलेलं असतं, तिथे ते ॲडिटिव्हच्या नंबरने न येता 'मिनरल्स'च्या कंसात नावाने येतं, म्हणून पी-एच-ओ-एस शोधा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे पेशंटला भेटायला येणारा माणूस हातात हाच डबा घेऊन येतो. प्रेमाने आणतात, त्यांना वाईट वाटू न देता आधीच फोनवर सांगून ठेवावं की काही आणायचंच असेल तर दोन सफरचंदं आणा. डायलिसिसवाल्यांसाठी वेगळे फॉर्म्युले येतात, ते डॉक्टरांनी लिहून दिले तरच.

'लो सोडियम' लिहिलेल्या वस्तू किडनीच्या घरात फार जपून. मीठ कमी करायचं म्हणून सोडियमच्या जागी पोटॅशियमची मीठं घालतात, कधी ती ३४० असतात, आणि लो सोडियम मिठात तर सरळ पोटॅशियम क्लोराइड असतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर ते फॉस्फरसपेक्षा लवकर जिवावर बेततं.

बेकरी आणि मिसळ

नाशिककर म्हटल्यावर या दोन गोष्टींना वगळून चालणार नाही. बेकरीत लेबल नसतं, त्यामुळे तोंडाने विचारायचं: यात बेकिंग पावडर आहे की नुसता सोडा? सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्यात फॉस्फेट नाही. बेकिंग पावडर म्हणजे सोडा अधिक एक कोरडं ॲसिड, आणि ते ॲसिड बहुतेक वेळा ४५०, ३४१ किंवा ५४१ असतं. पाव यीस्टवर फुगतो, त्यामुळे लादी पावाची मला फारशी काळजी वाटत नाही. कप केक, स्पंज केक, मफिन यांत बेकिंग पावडर जवळपास असतेच. नानकटाई काही जण सोड्यावर करतात, काही जण बेकिंग पावडरवर, जुन्या ओळखीच्या बेकरीवाल्याला विचारलं की तो स्पष्ट सांगतो.

मिसळीबद्दल सेंटरमधे कायम विचारतात. वरून घातलेल्या फॉस्फेटच्या बाबतीत मिसळ बरीच निर्दोष आहे, मोडाच्या मटकीत नैसर्गिक फॉस्फरस आहे (मोड आल्यावर फायटेट थोडं सुटतं, त्यामुळे कोरड्या डाळीपेक्षा जरा जास्त शोषला जातो), पाव यीस्टचा, फरसाण बेसनाचं. किडनीच्या पेशंटला मिसळीत जड जातं ते मीठ, रश्शातलं पोटॅशियम आणि पाणी. त्यामुळे गंगापूर रोडच्या बाजूला रविवारी सगळे मिसळ खायला गेले तर पेशंटने कोरडी मटकी थोडी, फरसाण नावाला, आणि तर्री-रस्सा वाटी वाटी न घेता चवीपुरता, असं डाएटिशियनकडून ठरवून घ्यावं. चीज मिसळ नको आणि वरून कोला नको. कॉलेज रोडच्या कॅफेत नेलं तर लक्षात ठेवा की चीज बर्स्ट, पेरी पेरी फ्राइज आणि कोल्ड कॉफी हे तिन्ही एकाच टेबलावर येतात, आणि तिन्हीत फॉस्फरस आहे.

घरात काय बदलायचं

केक घरी करत असाल तर बेकिंग पावडर काढून टाका. एका वाटी मैद्याला पाव टीस्पून खायचा सोडा आणि अर्धी वाटी आंबट दही, किंवा सोड्यावर एक टेबलस्पून लिंबाचा रस, आणि मिश्रण झालं की लगेच ओव्हनमधे, कारण सोडा आणि आंबट एकत्र आले की गॅस लगेच सुटायला लागतो, थांबलात तर केक बसतो. नेटवर क्रीम ऑफ टार्टर घाला असं सांगतात, ते किडनीच्या पेशंटला नको, त्यात पोटॅशियम भरपूर आहे. ढोकळ्याला फ्रूट सॉल्ट चालतं का, तर त्यात फॉस्फेट नाही पण सोडियम खूप आहे, म्हणून अधूनमधून आणि थोडंच.

इडली-डोशाचं पीठ घरी वाटा, मिक्सची गरजच नाही. फ्राइज खायची इच्छा झाली तर गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातून नाहीतर कोपऱ्यावरच्या गाडीवरून बटाटे आणा, सोलून बारीक काप करा, भरपूर पाण्यात भिजवा, मग नवीन पाण्यात उकळी काढून ते पाणी ओतून द्या, मग थोड्या तेलात परता. यात पोटॅशियम बरंच निघून जातं आणि थोडा फॉस्फरसही. हीच पद्धत डाळीला आणि कडधान्याला: रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, मोकळ्या पाण्यात शिजवा आणि वरचं पाणी काढून टाका. चिकनचेही लहान तुकडे उकळून पाणी फेकलं की फॉस्फरस कमी होतो आणि प्रोटीन बरंचसं टिकून राहतं, मात्र मग सूपचा हट्ट धरायचा नाही, कारण निघालेलं सगळं त्याच पाण्यात असतं.

अंड्याचा पांढरा भाग तर अशा पेशंटसाठी वरदान आहे. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम, तर बलकात ६० च्या वर. खाणारं घर असेल तर पांढऱ्याची भुर्जी, कांदा-टोमॅटो कमी घालून, रोज सुद्धा चालते असं आमच्या डाएटिशियनने सांगितलंय. दूध १०० मिलीला साधारण ९० मिलिग्रॅम, म्हणून कपभर दुधाच्या चहाऐवजी अर्धा कप, पण खऱ्या दुधाचा, क्रीमरचा नाही.

गोळीचं पण सांगते. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या, म्हणजे कॅल्शियम ॲसिटेट, सेव्हेलॅमर वगैरे, या पोटात अन्न असतानाच काम करतात, अन्नातला फॉस्फेट तिथल्या तिथे पकडतात. जेवणानंतर तासाभराने आठवली म्हणून घेतली तर उपयोग फार कमी. आणि गोळी असते दुपारच्या-रात्रीच्या जेवणाला, पाकिटातलं खाणं होतं मधल्या वेळेत, चहाबरोबर, टीव्हीसमोर, म्हणजे सगळ्यात जास्त शोषलं जाणारं फॉस्फेट नेमकं बिनगोळीच्या वेळेला पोटात जातं. मधल्या वेळेचं खाणं बदललं की म्हणूनच फरक पडतो. बिनखाऱ्या साळीच्या लाह्या, कमी मिठाचे मुरमुरे फोडणी देऊन, घरचा पातळ पोह्यांचा चिवडा शेंगदाणे कमी घालून, असं काहीतरी डब्यात भरून हाताशी ठेवा, कारण भूक लागल्यावर माणूस समोर जे असेल तेच खातो.

औषधांकडेही लक्ष द्या. काही कॅल्शियमच्या आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांत कॅल्शियम फॉस्फेट असतं, केमिस्टकडून परस्पर आणू नका. आणि बद्धकोष्ठतेचा एनिमा किंवा कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायचं औषध सोडियम फॉस्फेटचं असू शकतं, किडनी कमजोर असलेल्याला ते गंभीर इजा करू शकतं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २००८ मधे अशा तोंडाने घ्यायच्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा लावायला लावला होता. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य 'किडनीचा पेशंट आहे' हेच बोला.

ज्यांची किडनी ठणठणीत आहे त्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नये. ही ॲडिटिव्ह कायद्याने मान्य आहेत, युरोपच्या फूड सेफ्टी अथॉरिटीने २०१९ मधे सगळ्या स्रोतांचा मिळून दर किलो वजनाला रोज ४० मिलिग्रॅम फॉस्फरस ही मर्यादा दिली आणि ज्यांच्या किडनीचं काम मध्यम ते जास्त कमी झालंय त्यांना ती लागू नाही हेही सांगितलं. पण डायबिटीस किंवा बीपी वर्षानुवर्षं असेल तर किडनीची तपासणी करून घ्या आणि पाकीट उलटं करायची सवय आत्तापासून लावा, मुलांनाही लावा, त्यांना आकडे शोधायला आवडतं.

सुरुवात करायची असेल तर आजच घरातले डबे आणि पुडे बाहेर काढा, प्रत्येकाच्या मागचा फोटो घ्या, ३३८ ते ३४३, ४५० ते ४५२ किंवा ५४१ सापडला त्या पाकिटावर मार्करने फुली मारा. फुलीवाले पेशंटच्या हाताला लागतील तिथे ठेवू नका. पुढच्या रक्ततपासणीची तारीख वहीत लिहा, मधल्या काळात औषधं आणि डाळ-दूध डॉक्टरांनी सांगितलंय तसंच ठेवा म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल, आणि रिपोर्ट दाखवायला जाताना ते फोटो बरोबर न्या. डाएटिशियनला 'बाहेरचं फार खात नाही हो' असं सांगण्यापेक्षा दहा पाकिटांचे फोटो दाखवले की तिला नेमकं काय काढायचं आणि काय परत ताटात आणायचं ते पाच मिनिटांत सांगता येतं.